गळ, कोयनेल आणि नारू

समजा, तुम्ही आरआरसीसमोर बसला आहात आणि तुमचा विषय आहे: ‘उष्ण प्रदेशात मासेमारीच्या सुट्टीवर गेलेल्या माणसाने तब्येत आणि जीव कसा सांभाळावा’. समोरचे सर पहिला प्रश्न काय विचारतील हे सांगायला ज्योतिषी नको. यात इतिहास कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पण पर्यटनाच्या माहितीपत्रकात शोभेल अशा विषयातून संशोधनाचा खरा प्रश्न कसा निघतो, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. त्यासाठी आफ्रिकेतही जायला नको. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरा, मुळा आणि भीमा या तीन नद्या पुरेत.

आधी सुट्टी बघू. एकोणिसाव्या शतकात नगरला लष्कराची छावणी होती आणि जिल्हाभर फिरतीवर असणारे मुलकी अधिकारी होते. त्यांची रजेतली करमणूक म्हणजे बंदूक नाहीतर गळ. गळाला लागणारा मानाचा मासा महाशीर. सह्याद्रीतून उतरणाऱ्या, खडकाळ तळाच्या, वाहत्या नद्यांमधला हा मासा इंग्रज छंदिष्टांना त्यांच्या सामनची आठवण करून देत असे. 1873 साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. ते हिंदुस्थानभर वाचलं गेलं, 1881 आणि 1897 मध्ये पुन्हा निघालं. त्याच 1873 मध्ये फ्रान्सिस डे याचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांवरचा सरकारी अहवाल आला. 1874 मध्ये मुंबईच्या वैद्यकीय सेवेतल्या डॉ. विल्यम मूर याचं ‘अ मॅन्युअल ऑफ फॅमिली मेडिसिन फॉर इंडिया’ निघालं. डॉक्टर जवळ नसेल तेव्हा घरच्या घरी काय उपचार करावेत, हे सांगणारं ते पुस्तक होतं. आणि 1884 मध्ये कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड आला, तो आपल्या जिल्ह्याचा.

अकरा-बारा वर्षांत आलेली ही चार पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एकात मासा कसा पकडायचा ते आहे. दुसऱ्यात मासे का कमी होताहेत ते, तिसऱ्यात ताप आला तर काय करायचं ते, आणि चौथ्यात अख्खा जिल्हा. आपण सहसा यातलं एकच पुस्तक उघडतो, कारण ‘पर्यावरणाचा इतिहास’ वेगळा, ‘वैद्यकाचा इतिहास’ वेगळा, असं आपल्याला सिनॉप्सिस लिहितानाच शिकवलेलं असतं. नदीकाठी बसलेल्या माणसाला मात्र ही विभागणी माहीत नव्हती. त्याच्या एका हातात गळ होता आणि सामानात कोयनेलची बाटली.

कोयनेल म्हणजे क्विनीन. आजीच्या पिढीतला हा शब्द आता ऐकू येत नाही. पण जुनी मराठी वर्तमानपत्रं चाळणार असाल तर तो डोक्यात ठेवा, ‘क्विनीन’ शोधून हाती फार लागणार नाही. तसंच ‘हिवताप’ शोधताना ‘थंडीताप’ही शोधा.

आता या साहेबाची अडचण काय होती ती समजून घ्या. अकोल्याच्या डोंगरी भागात जूनपासून पाऊस कोसळतो. प्रवरा आणि मुळा गढूळ होऊन वाहतात, त्या पाण्यात गळ टाकून उपयोग नसतो. अश्विन-कार्तिकात पाऊस थांबतो, पाणी निवळतं, डोहाचा तळ दिसू लागतो. मासेमारीचा हंगाम सुरू होतो तो इथे. आणि तापाचा हंगामही नेमका इथेच! पाऊस थांबला की ओढ्यांची धार मंद होते, कडेला स्वच्छ पाण्याची डबकी साचतात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला हिवताप पसरवणारा अॅनॉफिलिस फ्लुविएटिलिस हा डास अशाच मंद, स्वच्छ झऱ्यांत वाढतो. नदी जेव्हा सर्वांत सुंदर दिसते तेव्हाच ती सर्वांत तापदायक असते, असा हा योग होता. शब्दशः तापदायक.

साहेबाला डासाचं काही माहीत नव्हतं. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो 1897 च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी ‘मलेरिया’ म्हणजे अक्षरशः वाईट हवा. कुजलेला पाला, ओली माती आणि रात्रीचं धुकं यांतून ती वर येते, असा समज. त्यावरून निघालेला उपदेश त्या काळच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटतो: तंबू नदीच्या पात्राशी न ठोकता उंचावर ठोका. सूर्य वर येऊन धुकं विरल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नका. उपाशीपोटी बाहेर पडू नका. तंबूच्या तोंडाशी धुनी पेटती ठेवा. मच्छरदाणीत झोपा. काही डॉक्टर तर सांगत, की मच्छरदाणीच्या जाळीतून वाईट हवा गाळली जाते. पोटाला फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळा, म्हणजे पोट गार पडून पटकी होणार नाही. डोक्यावर सोला हॅट हवीच. पाणी उकळा, आणि कोयनेल घ्या.

इथे थांबून हसायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण एकेक उपदेश हातात घेऊन बघा. उंचावरचा तंबू डासांच्या डबक्यांपासून दूर पडतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला नदीकाठ टाळणं म्हणजे डास चावण्याच्या बऱ्याच वेळा टाळणं. धुनीचा धूर डासांना नको असतो. मच्छरदाणीचं सांगायलाच नको. म्हणजे कारण साफ चुकीचं, पण कृती बरीचशी बरोबर. उलट फ्लॅनेलच्या पट्ट्याचा पटकीशी काडीचा संबंध नव्हता, तरी तो ब्रिटिश सैनिकांच्या पोटावर विसाव्या शतकातही राहिला. सोला हॅटने डोक्यावर सावली दिली हे खरं, पण उन्हातल्या कसल्याशा खास किरणांमुळे गोऱ्यांच्या मेंदूला धोका असतो, हा त्यामागचा समज दुसऱ्या महायुद्धात गळून पडला आणि हॅटही गेली.

संशोधनात नव्याने येणाऱ्यांची नेहमीची चूक इथे होते. ‘त्या काळी लोकांच्या चुकीच्या समजुती होत्या, पुढे विज्ञानाने त्या दूर केल्या’ असं एक प्रकरण लिहून आपण मोकळे होतो. हे प्रकरण कोणीही लिहील. त्यापेक्षा एकच प्रश्न सगळ्या पुस्तकांना विचारून बघा: हा उपदेश कोणाला उद्देशून आहे? म्हणजे, तंबू उंचावर ठोका हे ज्याला सांगितलं तो तंबूत झोपणारा. तंबू वाहून आणणारा, तो ठोकणारा, पहाटे धुक्यात नदीवरून पाणी भरून आणणारा, ते उकळणारा, रात्रभर धुनी पेटती ठेवणारा आणि डोहात कंबरभर पाण्यात उतरून अडकलेला गळ सोडवणारा, हे सगळे त्या वाक्यात आहेत. पण फक्त क्रियापदांत. कर्ता म्हणून नाहीत.

मग त्यांची तब्येत कुठे शोधायची? गॅझेटिअर उघडा. मासे सापडतील उत्पन्नाच्या प्रकरणात, वनस्पती आणि प्राण्यांच्या बरोबरीने. मासे धरणारे भोई सापडतील लोकसंख्येच्या प्रकरणात, जातीजातींच्या वर्णनात. रोग, दवाखाने आणि जन्म-मृत्यूचे आकडे आरोग्याच्या प्रकरणात. मासा एकीकडे, मासे धरणारा दुसरीकडे, त्याला होणारा आजार तिसरीकडे. कॅम्पबेलच्या कार्यालयाने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, सगळ्या जिल्ह्यांना एकच साचा होता. पण साचा असा आहे की भोयाला ताप येतो का, हा प्रश्नच त्यात बसत नाही.

एक सावधगिरी सांगतो. अकोले तालुक्यात महादेव कोळी मोठ्या संख्येने आहेत. ‘कोळी’ वाचलं की मासेमारी डोळ्यांसमोर येते, आणि मग प्रबंधात चुकीचं वाक्य पडतं. महादेव कोळी हे डोंगरातले शेतकरी, किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा धंदा त्यांच्यावर लादू नका. देशावरच्या गावगाड्यात मात्र ‘कोळी’ हा शब्द आणखी एका कामासाठी येतो, गावात पाणी भरणाऱ्या बलुतेदारासाठी. आणि पाणी भरणारा हा आपल्या विषयात अगदी मध्यावर येऊन बसतो. कारण नारू.

तुमच्यापैकी किती जणांनी हा शब्द घरी ऐकला आहे? आजोबांच्या वयाच्या माणसांना विचारून बघा. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावतो. हात-दीड हात, कधी त्याहून लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. ओढताना तुटला तर आत सूज, पू, आणि कित्येक दिवस अंथरूण. माणूस क्वचितच मरत असे, पण सुगीच्या दिवसांत घरातला कर्ता पाय धरून बसला की वर्ष गेलं.

हा जंत शरीरात शिरतो कसा, यावर युरोपीय डॉक्टरांचा मोठा वाद होता. अनेकांचं मत होतं की पाण्यात अनवाणी उतरलं की तो कातडीतून घुसतो. पुरावाही होता: जंत बहुतेकदा पायातून निघतो, आणि पखाल पाठीवर वाहणाऱ्या भिश्त्याच्या पाठीतूनही निघतो, जिथे ओली पखाल टेकते तिथेच. यावरून निघणारा सल्ला सरळ होता, बूट घाला. साहेबाकडे बूट होते. 1870 मध्ये अलेक्सेई फेडचेन्को या रशियन संशोधकाने तुर्कस्तानात दाखवलं की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीकशा जिवात वाढतात. तो जीव पोटात जातो तो पिण्याच्या पाण्यातून. पुढे पॅट्रिक मॅन्सनने भिश्त्याच्या पाठीचा उलगडा केला. वर्षभर शरीरात वाढलेली मादी पिल्लं सोडण्यासाठी पाण्याचा स्पर्श होणारा भाग शोधते. पाठ ओली राहते म्हणून ती पाठीशी येते. पुरावा खरा होता, फक्त तो आत शिरण्याचा नसून बाहेर पडण्याचा होता. पद्धतीशास्त्राच्या तासाला सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक शिकवायला याहून नेमकं उदाहरण मला आजवर मिळालेलं नाही.

आणि उपाय? दुहेरी फडकं. पाणी गाळून प्या, आणि नारू झालेल्याला बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरू देऊ नका. एवढंच. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवल्याशिवाय घागर भरत नाही, अशीच जर गावातली एकमेव विहीर असेल, तर हा उपाय एकट्या माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून फेडचेन्कोच्या शोधानंतरही शंभरावर वर्षं नारू आपल्याकडे राहिला. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला तेव्हा नारूग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्र होता. बारवा बंद करणं किंवा पायऱ्यांऐवजी रहाट बसवणं, हातपंप, औषध टाकून सायक्लॉप्स मारणं, गाळणीची फडकी वाटणं, घरोघर शोध, या सगळ्यातून देशातला शेवटचा रुग्ण 1996 च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हटलं. साहेबाला हे संरक्षण 1870 च्या आधीपासूनच होतं, आणि तेही नकळत. कारण त्याचं पाणी दुसरं कोणीतरी उकळून देत होतं.

भोई अगदीच हरवले आहेत का? पूर्ण नाही. ते सापडतात एका अनपेक्षित जागी, माशांच्या नावांत. विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने 1824 मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. 1831 पर्यंत तो हिंडला आणि परत गेल्यावर दख्खनच्या माशांवर त्याने निबंध लिहिला, लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने तो छापला. त्यातल्या लॅटिन नावांवरून बोट फिरवा: खुद्री, नकटा, शिंगटी, घोगरा, कटरनी, मुळ्या. ही नावं सायक्सच्या डोक्यातून आलेली नाहीत. जाळ्यातून मासा काढून त्याच्यासमोर ठेवणाऱ्या कोणीतरी ती उच्चारली आणि त्याने ती इंग्रजी कानाने लिहून घेतली. दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय नाव आजही टॉर खुद्री आहे. नकट्याच्या नाकाडावर खाच असते, म्हणून तो नकटा. नाव ठेवणारा मराठीच असणार.

याच निबंधात दुसऱ्या जातीचीही नावं आहेत. चिल्ड्रेन, ओगिल्बी, विगर्स, ओवेन, यारेल ही लंडनच्या विद्वानांची, आणि वाम माशाला एल्फिन्स्टनचं. त्यातला विगर्सच्या नावाचा मासा, आजचा ऑस्टिओब्रामा विगोर्साय, सायक्सला मिळाला ‘बीमा’ नदीत ‘पैरगाव’ इथे. इंग्रजी स्पेलिंग देवनागरीत मोठ्याने वाचा, मग नकाशा घ्या. भीमेच्या काठी श्रीगोंदा तालुक्यात पेडगाव आहे, बहादूरगडाचं पेडगाव. त्या काळच्या साहेबांना ‘ड’ आणि ‘र’ यांची अदलाबदल नेहमीच होत असे. जुनी इंग्रजी कागदपत्रं वाचताना हा खेळ रोज खेळावा लागतो. जिल्ह्याचं नावही तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल, आणि 2024 नंतरच्या कागदांत ते अहिल्यानगर असेल. शोधयादी आधीच करून ठेवा.

म्हणजे पेडगावच्या माशाला नाव मिळालं ते भीमा न पाहिलेल्या लंडनच्या गृहस्थाचं. तो धरून आणणाऱ्याचं नाव कुठेच नाही, पण त्याचे शब्द इतर माशांच्या नावांत दोनशे वर्षं टिकले आहेत.

आता वर्तमानाकडे येऊ, कारण हा विषय जुन्या कागदांत संपत नाही. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि नदीचं पंचांगच बदललं. आधी नदी पावसाच्या हुकमाने चालत होती, वैशाखात ती गुडघाभर असणार हे गावातल्या पोरालाही ठाऊक असे. धरणानंतर ती आवर्तनाच्या हुकमाने चालू लागली. आभाळात ढग नसताना, भर उन्हाळ्यात, वर पाणी सोडलं की खाली नदी भरते. त्यात सिंचनासाठी पात्रात जागोजागी बंधारे आले. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी गोल फिरतं आणि आत सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. वरून ते शांत दिसतं. पट्टीचा पोहणाराही तिथे काही करू शकत नाही.

22 मे 2024 ला अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरेत दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ज्यांचा धंदाच पाण्यातून माणसं काढण्याचा, ते. मे महिना होता, पाऊस नव्हता. मूर किंवा थॉमस वाचून ही नदी कळणार नाही, कारण ती त्यांच्या काळी नव्हतीच.

तेव्हा फील्डवर्कला म्हणा किंवा नुसतं गळ घेऊन म्हणा, प्रवरेकाठी जाणार असाल तर आधी गावात विचारा: आवर्तन चालू आहे का? हा प्रश्न कोणत्याही हवामानाच्या ॲपवर नाही, पण चहाच्या टपरीवर त्याचं उत्तर मिळतं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरू नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टो फक्त कोकणातच होतो असं नाही. शिंगटी गळाला लागली तर तिच्या काट्यांना जपा. टोचलाच काटा, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत मच्छरदाणी न्या. हसू नका, साहेबाची हीच एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणि धरणाच्या पाण्यावर गेलात, मुळा, भंडारदरा, कुठेही, तर जरा निरखून बघा. पर्यटकांच्या बोटीत लाइफ जॅकेट असतं, निदान असावं असा नियम तरी असतो. संध्याकाळी त्याच पाण्यावर जाळी टाकायला निघालेला माणूस मात्र बऱ्याचदा ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यांच्या तराफ्यावर बसलेला दिसतो, हातात फळीचं वल्हं. त्याच्याशी बोला. जाळं कुठून आणलं, ट्यूब कितीला पडली, पाणी सोडणार हे त्याला कोण कळवतं, ताप आला तर तो कुठल्या दवाखान्यात जातो, सोसायटीच्या दप्तरात त्याचं नाव आहे का. विचारताना वही बाहेर काढायची घाई करू नका, आधी मासे कुठले लागले ते विचारा. नावं तो जशी सांगेल तशीच, त्याच्याच उच्चारात लिहून घ्या, आणि वहीत माशाच्या नावापुढे सांगणाऱ्याचंही नाव लिहा, अर्थात त्याची परवानगी घेऊन.